पत्रातले दोन वेढे

मित्रांनो, तळहाताहून जराशी मोठी, काळ्या दगडाची, मधोमध किंचित खोलगट झालेली एक वस्तू तुमच्याही घरी देवघरात किंवा स्वयंपाकघरातल्या फळीवर पडलेली असेल. तिच्याकडे तुम्ही फारसं पाहिलं नसेल. मी तीच, एक जुनी सहाण. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या पठारावर एका कौलारू घरात मी राहते. माझ्या पाठीवर देवाचं चंदन उगाळलं गेलं, हळकुंड उगाळलं गेलं, वेखंड आणि जायफळही. मी कुणाला बरं केलं असं म्हणणार नाही. मी नुसती पाठ पुढे करत आले. पण यंदा उन्हाळ्यात याच पाठीवर असं काही घडलं की मी दगड असूनही हादरले. अजून ती सकाळ आठवली की वाटतं, हे असं कसं झालं? इतक्या साध्या गोष्टीतून, इतक्या मायेच्या हातून?

सगळं पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म पठाराखालच्या ओढ्यातला. पावसाच्या पाण्याने घासून गुळगुळीत झालेली मी एक चीप होते. एका पाथरवटाने मला उचललं, कडा तासल्या, छिन्नीने पाठीवर बारीक बारीक टाके पाडले आणि भाताच्या बदल्यात रंगूबाईच्या घरी ठेवून गेला. त्या काळी पेशव्यांच्या गोष्टी लोक कालच्यासारख्या सांगत. रंगूबाईने मला चुलीपासून लांब, कोरड्या फळीवर जागा दिली. घरात मूल जन्मलं की माझी पूजा आधी आणि पाळणा मागून.

बाळाला गुटी देणं हे माझं मुख्य काम. गुटी म्हणजे काय, हे तुमच्यातल्या कुणाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. वेखंड, हळकुंड, बाळहिरडा, जायफळ अशी मुळं-फळं आईच्या दुधात दगडावर उगाळायची आणि ते बोटभर चाटण बाळाच्या जिभेला लावायचं. मोजमाप चमच्याचं नाही. जायफळ दगडावर एकदा गोल फिरवलं की झाला एक वेढा. कुणाला अर्धा वेढा, कुणाला एक. घरोघरच्या बायकांचा हिशोब वेढ्यांवर चाले.

तेव्हा कुडपणात वैद्य नव्हता. जवळचा म्हणावा तो खाली महाडला. खाडीतून मिठाची गलबतं महाडपर्यंत येत, बाजार भरे, आणि त्या बाजाराच्या मागच्या आळीत वैद्यबुवा राहत. आजाऱ्याला डोलीत घालून घाट उतरवायचा तर तो वाटेतच दगावायचा. म्हणून आजारी माणूस घरात राही आणि त्याचा आजार कागदावर बसून महाडला जाई. हिरड्याची ओझी घेऊन उतरणारी माणसं ते पत्र मुंडाशात खोवून नेत आणि परतताना उत्तर आणत.

रंगूबाईचा गणू पाच-सहा वर्षांचा असताना त्याला हगवण लागली. पत्र लिहायला कुळकर्णी ओसरीवर बसले. पुरुषमंडळी सांगत होती, कुळकर्णी लिहीत होते. रंगूबाई दाराआड उभी. लिहून झाल्यावर कुळकर्ण्यांनी मोठ्याने वाचलं, ‘येथील क्षेम असे.’

रंगूबाई दाराआडून ताडकन बाहेर आली.

“क्षेम? पोर वाळून चिपाड झालाय नि क्षेम कसला लिवताव?”

“अगो, पत्राची रीत असते ती. आधी क्षेम लिहायचं, मग आजार.”

“तुमची रीत वैद्य वाचील नि पत्र ठेवून देल बाजूला. आधी माझा गणू लिवा.”

कुळकर्णी हसले, पण कागद बदलला. पहिल्या ओळीत गणू बसला.

चार दिवसांनी उत्तर आलं आणि सगळ्यांनी कपाळाला हात लावला. त्यात औषधच नव्हतं! वैद्यबुवांनी उलट विचारलं होतं, जायफळ कोणत्या सहाणेवर उगाळणार? नवी की जुनी? तिच्यावर जायफळाचा एक वेढा उगाळून, तो कागदाच्या तुकड्यावर पुसून, वाळवून पाठवा.

“औषध मागितलं तर दगडाची चौकशी करतो,” चुलता भडकला. “दगडाला झालीय का हगवण?”

पण रंगूबाईने मुकाट्याने माझी पाठ धुतली, जायफळ एकदा फिरवलं, कागदाच्या चिठोऱ्याला तो लेप पुसला आणि उन्हात धरला. मला तेव्हा कळलं नाही, तो म्हातारा माझी ओळख का मागतोय. पुढचं पत्र आलं तेव्हा कळलं. तोवर उगाळून उगाळून माझे टाके झिजले होते; अशी गुळगुळीत सहाण कमी देते, नवी खरखरीत सहाण भरभरून देते. वेढा तोच, पण दगड वेगळा तर औषध वेगळं. न पाहिलेल्या मुलाला औषध द्यायचं तर न पाहिलेला दगड तरी ओळखीचा हवा. वैद्यबुवांनी लिहिलं, ‘जायफळ दोन वेढे. तीन दिवस. पुढे बंद. सहाणेस टाकी लावाल तर पुन्हा विचारणे.’

गणू उठून बसला. आठवड्याने तो बोरं पाडायला पळाला तेव्हा रंगूबाईने माझ्यावर हळदकुंकू वाहिलं. गावात माझं नाव झालं. ‘महाडच्या पत्रातले दोन वेढे’ म्हणजे या घरचा मानच झाला जणू. माझीही छाती फुगली, हे कबूल करायला हवं.

पत्र रंगूबाईने आढ्याला खोवून ठेवलं. एका पावसाळ्यात वाळवीने ते खाल्लं. रंगूबाईला वाचता येत नव्हतं. तिच्या सुनेलाही नाही. घरात तोंडातोंडी राहिले ते दोन वेढे. तीन दिवस गेले, ‘पुढे बंद’ गेलं, दगडाबद्दलचं तर आधीच गेलं. पाच वर्षांच्या मुलासाठी लिहिलेलं औषध पाळण्यातल्या बाळाच्या जिभेवर आलं, तेही कुणाला खटकलं नाही. कारण तोवर मी इतकी झिजले होते की दोन वेढे काय आणि चार वेढे काय, माझ्यावरून नुसतं दुधाळ पाणी उतरायचं. त्याने कुणाचं बरं झालं नाही की वाईटही.

मग दिवस पालटले. गावात रस्ता आला, वीज आली. मुंबईला गेलेली पोरं मिक्सर घेऊन आली. माझ्यावर पिठाचा डबा आला. वर्षातून एकदा गणपतीत मला कुणीतरी ओढून काढायचं, चंदन उगाळून परत ढकलायचं. दुर्लक्षाचा त्रास होतोच, मित्रांनो. पण आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, ते डब्याखालचे दिवस बरे होते.

मला डब्याखालून बाहेर काढलं ते दिशाने. म्हणजे दिशाच्या जन्माने.

दिशा ही सोनाबाईची नात. सोनाबाई आता या घरची कर्ती. तिचा मुलगा हर्षद महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यात पाळीवर काम करतो, तिथेच खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला मोटरसायकलवरून वर येतो. त्याची बायको अंकिता. महाडची मुलगी, कॉलेजात बी.एस्सी. झालेली. दिशा पोटात असल्यापासून ती घरातल्या प्रत्येक वस्तूकडे संशयाने पाहू लागली. पाणी उकळलेलं आहे का? तेलाच्या बाटलीवरची तारीख कुठे? पाळण्याची दोरी किती जुनी? बाळ झोपलं तरी तिचं लक्ष त्याच्या छातीकडे.

“तुझं पोरगं काय काचेचं हाय गो?” सोनाबाई हसायची.

“काचेचं असतं तर बरं झालं असतं आई. आत काय चाललंय ते दिसलं तरी असतं.”

दोघींचं असं चाले. पण भांडण नव्हे. सोनाबाईने सुनेच्या बाळंतपणात रात्रीचा दिवस केला होता, अंकिताला ते ठाऊक होतं. म्हणून सव्वा महिन्याने सोनाबाईने मला फळीवरून काढलं, धुतलं आणि गुटी उगाळायला बसली, तेव्हा अंकिता पुढे झाली, थांबली आणि माझ्या पाठीवरच्या त्या फिकट पाण्याकडे पाहून तिने तोंडातला शब्द गिळला. सहा महिने वरचं काही नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण एवढंसं दुधाळ पाणी! यासाठी सासूशी वाद कुठे घालायचा? गुटी तेव्हापासून रोजची झाली. इतकी रोजची, की अंघोळ आणि काजळासारखी ती कुणाच्या लक्षातही येईना.

मग टाकीवाली आली, झिजलेले दगड छिन्नीने पुन्हा खरखरीत करून देणारी.

अंकिता आणि हर्षद त्या दिवशी दिशाला लस द्यायला खाली पोलादपूरला गेले होते. दारात हाक आली, “जातं टाकवायचं का, पाटा टाकवायचा का?” सोनाबाईने पाटा बाहेर काढला. पाट्याला टाकी मारून झाली, तशी तिला माझी आठवण झाली.

“हिच्यावरनं काय उतरतच नाय गो आताशा. हिला पण मार दोन टाकी.”

टक, टक, टक. कितीतरी वर्षांनी छिन्नी माझ्या पाठीला लागली. दुखलं, पण खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. झिजून गेलेली पाठ पुन्हा दाणेदार झाली. सोनाबाईने माझ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “बघ, पोरीसारखी झाली म्हातारी!” मीही खुळी. वाटलं, आता पुन्हा आपले दिवस आले.

‘टाकी लावाल तर पुन्हा विचारणे’ ही वैद्यबुवांची शेवटची ओळ मला आठवायला हवी होती असं तुम्ही म्हणाल. मला ती आठवत होती. पण मी सांगणार कुणाला, आणि कशाने?

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षद पाळीवर परतल्यावर दिशाला न्हाऊमाखू घातलं. लसीमुळे रात्रभर किरकिर करून तिने दोघींना दमवलं होतं. अंकिता लंगोट धुवायला मागच्या दारी गेली. सोनाबाई माझ्यासमोर मांडी घालून बसली. वेखंड फिरवलं, हळकुंड फिरवलं आणि मग जायफळ हातात घेतलं. एक वेढा. जायफळ माझ्या पाठीत रुतलं. दुसरा वेढा. माझ्यावर दाट, तपकिरी, खमंग लेप उभा राहिला.

“आज कसं झ्याक उतरलं,” सोनाबाई खूश झाली. “झोपेल आता माझी बाय निवांत.”

आणि तिने तो सगळा लेप बोटाने निपटून चार महिन्यांच्या बाळाच्या तोंडात घातला. शेवटचं बोट तर कौतुकाने दोनदा चाटवलं.

मी ओरडले असते. दगडाला तोंड नसतं.

दिशा झोपली. अंकिता परत आली, बाळ शांत पाहून तिचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी तिने गरम भाकरी बसून खाल्ली, केस धुतले, उन्हात सोडले. घरात पाल चुकचुकली तरी सोनाबाई तिच्यावर हात उगारायची, एवढी त्या झोपेची काळजी. उन्हं ओट्यावरून खाली सरकली. दूध पाजायची वेळ झाली, टळली. अंकिता पाळण्यापाशी गेली.

“आई, ही उठत नाहीये.”

“झोपू दे की. रातभर जागलीय पोर.”

“भुकेला पण नाही उठली.”

“सारखी सारखी बघत बसू नको गो. आईचीच नजर लागते.”

अंकिताने पायांना गुदगुल्या करून पाहिल्या. गाल थोपटले. दिशाने डोळे अर्धवट उघडले, कुठेच न पाहता मिटले. अंकिता धावत स्वयंपाकघरात आली. कुडपणात मोबाईलला सगळीकडे रेंज येत नाही. आमच्या घरी ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, म्हणून फोन गजाला पिशवीत टांगलेला असतो. माझी फळी त्या खिडकीखालीच. अंकिताला लिहिता लिहिता पुटपुटायची सवय. त्यामुळे ती पोलादपूरच्या शर्मिला डॉक्टरांना काय लिहिते आहे ते शब्दन् शब्द मला ऐकू आलं.

‘मॅडम, दिशा सकाळी अंघोळीनंतर झोपली ती उठत नाहीये. दूध घेत नाही. ताप नाही. उलटी नाही.’

उत्तर लगेच आलं. किती लगेच! रंगूबाईला चार दिवस थांबावं लागलं होतं. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच अंकिताने ते वाचलं.

‘काही औषध दिलंय का?’

अंकिताने मान वळवून विचारलं, “आई, तुम्ही काही औषध दिलंय का तिला?”

“औषध? छे गो. औषधाचा थेंब नाय.”

सोनाबाई खोटं बोलत नव्हती, मित्रांनो. तिच्या दृष्टीने औषध म्हणजे बाटलीतलं, दुकानातलं. गुटी म्हणजे गुटी. आणि अंकिता? तिला गुटी रोज दिसत होती. तरी तिलाही त्या क्षणी ती आठवली नाही. तिने पुटपुटत लिहिलं, ‘औषध काहीच दिलेलं नाही.’

तो लेप अजून माझ्या पाठीवर होता. वाळून तपकिरी झालेला. तिच्या कोपरापासून हातभर अंतरावर. आणि वर ती लिहीत होती, काहीच नाही! माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात इतकी हतबल मी कधीच झाले नव्हते. बाहेरच्या माणसाने फसवलं तर समजतं. इथे तर घरातल्या घरात, एकमेकींवर जीव टाकणाऱ्या दोघींनी मिळून डॉक्टरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

डॉक्टरांनी लिहिलं, ‘लसीनंतर काही बाळं सुस्त असतात. उठवून पाजायचा प्रयत्न करा. उठली नाही तर वाट बघू नका, घेऊन या.’

अंकिताने बाळाला उचललं. मान लुळी पडली. ओठ कोरडे, गाल लाल, आणि छातीला कान लावला तर आत चिमणी फडफडावी तसं काळीज पळत होतं. मग दिशाला घेऊन ती स्वयंपाकघरात आली, तिचे ओठ ओले करायला फळीवरचा कापूस घ्यायला हात पुढे केला आणि तो माझ्यावर पडला.

खरखर लागली.

तिने हात मागे घेतला, पुन्हा ठेवला. माझ्या पाठीवर बोट फिरवलं, बोटाला आलेला लेप जिभेला लावला.

“हे काय आहे आई?”

“काय? ती? गुटी गो.”

“आज दिलीत?”

“रोजच देते की.”

“यात जायफळ किती?”

“दोनच वेढे. पत्रातले. सासूबाई माझ्या, त्यांच्या सासूबाई, सगळ्या दोनच...”

“दोन वेढ्यांचं एवढं उतरतं का कधी? ही खरखरीत कधी झाली?”

“टाकीवाली आलती की काल, तुमी खाली गेल्ताव तवा...” सोनाबाईचं बोलणं मध्येच थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दिशाकडे. “अंकिता, गुटीनं काय होतं गो? गुटीनं कुणाला काय होतं?”

अंकिताने फोन गजावरून ओढला, लिहिलं, ‘मॅडम, चुकले. गुटी दिली आहे. जायफळ खूप जास्त गेलंय. निघतोय.’ संदेश गेला नाही. फोन गजावरून काढला की रेंज जाते, ते तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. पण आता परत टांगून वाट पाहायला वेळ कुठे होता? तिने मला उचललं, लंगोटात गुंडाळलं आणि बाळाच्या पिशवीत कोंबलं. उरलेलं जायफळही.

“दगड कशाला घेतेस?” सोनाबाई रडत विचारत होती.

“मला सांगता येणार नाही किती गेलं ते. त्या बघतील.”

शेजारच्या राजेंद्रची जीप प्रवासी भरायला उभी होती. अंकिताला अनवाणी धावत येताना पाहून त्याने आत बसलेल्यांना हातानेच उतरवलं. “कुणी काय बोलायचं नाय,” तो म्हणाला आणि गाडी सुरू केली. सोनाबाई कशीबशी मागे चढली.

घाट मी जन्मात पहिल्यांदा उतरत होते. पिशवीतून मला काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. अंकिता सारखी हाका मारत होती, “दिशा, ए दिशा, माझ्याकडे बघ.” सोनाबाई एकदाही देवाचं नाव घेत नव्हती. ती फक्त म्हणत होती, “नाय म्हणले मी. औषध नाय म्हणले.” एका वळणावर फोन वाजला. टिंग. संदेश गेला होता. पुढच्याच वळणावर डॉक्टरांचा फोन आला, “या. मी तयारी करून ठेवते. कुशीवर धरा, श्वासाकडे लक्ष ठेवा.”

दवाखान्यात शर्मिला डॉक्टरांनी बाळ हातात घेतलं आणि काय दिलं ते बघायला दुसरा हात अंकितापुढे केला. अंकिताने त्यात मला ठेवलं. डॉक्टरांनी माझ्या ताज्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, लेप पाहिला, हुंगला. रागावल्या नाहीत. वेळच नव्हता. सुई लागली, नळी लागली, छोट्याशा छातीवर तारा चिकटल्या.

“आणखी काय काय देता घरी? सगळं सांगा. औषध असो नसो,” काम करता करता त्यांनी विचारलं.

आणि सोनाबाई बोटं मोजू लागली. “ओव्याची धुरी. पोट फुगलं की हिंग बेंबीला. वावडिंगाचं पाणी. कधीतरी मध, बोटाला लागेल इतकाच...”

“मध?” अंकिता किंचाळली. “आई, मध?”

“औषध थोडंच हाय गो ते!”

वर्षाच्या आतल्या बाळाला मध बाधू शकतो, हे अंकिताने वाचलं होतं. तिच्या घरात, तिच्या डोळ्यांसमोर, उकळलेल्या पाण्याच्या आणि तारखा पाहिलेल्या बाटल्यांच्या मधून हे सगळं तिच्या मुलीच्या पोटात गेलं होतं. ती पाळण्याची दोरी तपासत बसली होती!

पुढचे कित्येक तास मी टेबलावर पडून होते. परिचारिका येत, पाहत, जात. दिशाचं काळीज कधी पळे, कधी थोडं सावरे. डॉक्टर ‘थांबू या’ एवढंच म्हणत. हर्षदला निरोप पोचायलाच संध्याकाळ झाली, कारण कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत. तो आला तो अंगावर कामाचा वास आणि डोळ्यांत रक्त घेऊन. काचेतून मुलीला पाहिलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, कालपासून कोरडा राहिलेला लंगोट ओला झाला. डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. त्यानंतर थोड्या वेळाने दिशाने हात हलवला, तोंड वेडंवाकडं केलं आणि रडली. खरखरीत, भुकेचं, रागाचं रडू. खोलीबाहेर बसलेला राजेंद्र उभा राहून म्हणाला, “रड गो बाय, रड, आजूबाजूच्यांना कळू दे.” अंकिता हसत होती आणि तिचे दात वाजत होते. संकट टळल्यावर आता कुठे भीती तिच्यापर्यंत पोचली होती.

हर्षदला मी दिसले. टेबलावरून त्याने मला उचललं, व्हरांड्यात नेलं आणि पायरीवर आपटायला हात डोक्यावर घेतला.

सोनाबाईने तो हात धरला.

“दगडाला काय फोडतोस रे? उगाळलं मी. हात माझा व्हता.”

हर्षदचा हात वरच थांबला. तेव्हा मागून अंकिता आली. दिशा तिच्या खांद्यावर होती. सोनाबाईने मान खाली घातली, आता जे ऐकावं लागेल ते ऐकायच्या तयारीने.

“गुटी मला रोज दिसत होती,” अंकिता म्हणाली. “डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ‘नाही’ असं मी लिहिलं. आईंनी नाही.”

हर्षदने हात खाली घेतला. अंकिताने दिशाला उचलून सोनाबाईच्या हातांत दिलं. सोनाबाईने बाळ घेतलं आणि ते हातून पडू नये म्हणून लगेच पायरीवर खाली बसली.

मित्रांनो, मी आता कुडपणात परत आले आहे. माझ्यावर फक्त देवाचं चंदन उगाळतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पण तुमच्या घरात लहान बहीण-भाऊ असतील, म्हणून एवढं मागते. दूर बसलेल्या डॉक्टरांना पत्रातून काय किंवा फोनवरून काय, तुमचं घर दिसत नसतं. तुम्ही सांगाल तेवढंच त्यांना दिसतं. म्हणून घरातलं काही साधं समजून गाळू नका. चाटवलेलं, चोळलेलं, हुंगवलेलं, आजीने मायेने दिलेलं, सगळं सांगा. आणि कुणी ‘काही नाही’ म्हणत असेल, पण तुम्ही काही पाहिलं असेल, तर मोठ्यांच्या मध्ये बोला. रागावतील, रागावू द्या.

त्या सकाळी मला बोलता आलं नाही. तुम्हाला येतं.